पाहुणा, शरणागत आणि शिक्का

लग्नसराईत गांधीनगरला गाडी लावायला जागा मिळत नाही. बेळगाव, सांगली, रत्नागिरीकडची माणसं टेम्पो करून येतात, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, चादरी होलसेलात उचलतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. दुकानदार बहुतेक सिंधी. गल्ल्यावरचा तरुण फोनवर आईशी सिंधीत बोलतो आणि गिऱ्हाइकाशी अस्सल कोल्हापुरीत घासाघीस करतो. 'घ्या की ओ मावशी, तुमच्याकडनं काय मिळवायचंय' असं म्हणत चार पैसे मिळवतोच. कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कडेला असलेल्या या बाजाराखालची जमीन पाच-सहा वर्षांच्या अंतरानं दोनदा निर्वासितांची झाली. परक्या माणसाला दारात घ्यावं की नाही, या प्रश्नावर धर्म काय सांगतो आणि कायदा काय सांगतो, हे मला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी मी पोथ्यांच्या आधी याच जागेकडे वळलो.

१९४३ साली इथल्या वळिवड्याच्या माळावर बराकी उभ्या राहिल्या आणि पुढची पाच वर्षं तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्यात बायका आणि मुलंच जास्त. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन तुटून पडले. पूर्व भागातली कुटुंबंच्या कुटुंबं रशियनांनी मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज पडली. करार झाला, सुटका झाली आणि १९४२ मध्ये जनरल आंदेर्स यांच्या फौजेबरोबर लाखावर माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष लढाईवर गेले. मागं राहिलेल्यांची रवानगी झाली पूर्व आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये आणि पंचगंगेकाठच्या आपल्या या गावात. इथं त्यांनी शाळा काढल्या, चर्च बांधलं, दवाखाना चालवला, स्काउटची पथकं केली, नाटकं बसवली. पंचगंगेत त्यांची पोरं पोहायला शिकली.

ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. जगानं दार लावलं, कोल्हापूरनं उघडलं. हा आपला धर्म. यात खोटं काही नाही, पण बरंच काही सुटतं. गादीवर तेव्हा दत्तक आलेले शिवाजी महाराज होते, वय जेमतेम दोन वर्षं. राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते. कारभार रीजन्सीच्या हाती आणि वरून इंग्रज रेसिडेंटाची नजर. जमीन संस्थानची, परवानगी दिल्लीची आणि खर्च लंडनमध्ये बसलेल्या परागंदा पोलिश सरकारच्या खात्यावर. छावणीत कोण आलं, कोण गेलं याची नोंद होती, प्रशासन होतं, नियम होते. माया होती हे खरंच. पण त्या मायेला एक फाइलही होती आणि ती फाइल नीट ठेवलेली होती म्हणून पाच हजार माणसं पाच वर्षं सुखानं जगली, असं माझं मत आहे.

नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब यांची गोष्टही अशीच अर्धी फिरते. मोबाइलवर येणाऱ्या आवृत्तीत पोलिश मुलांचं जहाज बंदरामागून बंदर हाकललं जातं आणि शेवटी जामसाहेब धक्क्यावर हात पसरून उभे असतात. प्रत्यक्षात मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये अश्गाबादहून लॉऱ्यांतून, इराणचा वाळवंटी रस्ता तुडवत क्वेट्ट्यामार्गे आली. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांना बालाचडीला ठेवून घेतलं, आपलं म्हटलं. पण त्यांच्या मोठेपणाचा मला सर्वांत भावणारा भाग त्यानंतरचा आहे. १९४५ च्या जुलैत ब्रिटननं वॉर्साच्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली. लंडनचं सरकार कागदावरून पुसलं गेलं आणि या मुलांना परत पाठवण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा जामसाहेब आणि छावणीचे प्रमुख फादर प्लुता यांनी मिळून अनाथ मुलांना कायदेशीर दत्तक घेतलं. कायद्यातून आलेल्या संकटाला त्यांनी कायद्यातूनच वाट काढली. दत्तकाच्या कागदाला केवढं वजन असतं हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तिथली उरलेली मुलं वळिवड्यालाच आली.

त्याच वर्षी, १२ फेब्रुवारी १९४६ ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला की ज्या निर्वासिताला परत न जाण्याचं सबळ कारण आहे त्याच्यावर मायदेशी जाण्याची सक्ती करू नये. पुढं १९५१ च्या निर्वासित कराराचा हाच कणा ठरला. आपण त्या करारावर आजतागायत सही केलेली नाही. वळिवड्याचे लोक १९४८ पर्यंत पांगले. ज्यांचे बाप-भाऊ आंदेर्सच्या फौजेत होते ते बरेचसे इंग्लंडला गेले, काही ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला, काही पोलंडला.

आता पोथ्यांकडे येऊ. अतिथीला देव मानावं, असं तैत्तिरीय उपनिषद सांगतं आणि ते वाक्य पर्यटन खात्याच्या फलकांवरही पोहोचलं आहे. पण अतिथी म्हणजे कोण? मनुस्मृती अतिथीची व्याख्या करते ती एक रात्र राहणारा अशी. जो सकाळी निघणार आहे, त्याला जेवू घालणं सोपं. राहायला आलेल्याचं काय, हा प्रश्न या वाक्याच्या कक्षेत येतच नाही. त्याच्यासाठी आपल्याकडे दुसरा शब्द आहे, शरणागत. आणि शरणागताबद्दलचा सर्वांत मोठा वाद रामायणाच्या युद्धकांडात आहे. बिभीषण चार साथीदारांसह समुद्राच्या या काठावर येतो. सुग्रीव म्हणतो, हा शत्रूचा भाऊ, हेर असणार, मारून टाका. अंगद म्हणतो, आधी पारख करा. जांबवानाला वेळ आणि जागा दोन्ही संशयास्पद वाटतात. हनुमान एकटा सांगतो की याच्या बोलण्यात, चेहऱ्यात कपट दिसत नाही. राम सगळ्यांचं ऐकून घेतो आणि अभय देतो. आपण फक्त शेवट लक्षात ठेवतो. मला मात्र मधली चर्चा महत्त्वाची वाटते. सुग्रीवाला कुणी अधर्मी म्हणत नाही. त्याची शंका राखणदाराची आहे आणि राखणदारानं शंका घ्यायचीच असते.

हितोपदेशानं तर कमालच केली आहे. हरणाशी मैत्री करायला कोल्हा येतो. कावळा सांगतो, कुळशील माहीत नसलेल्याला थारा देऊ नये. त्यावर कोल्हा जे उदात्त उत्तर देतो, त्यातच आपलं-परकं न मानण्याचा, पृथ्वी हेच कुटुंब समजण्याचा तो प्रसिद्ध श्लोक आहे. २०२३ च्या जी-ट्वेंटी परिषदेचं ब्रीद झालेलं 'वसुधैव कुटुंबकम्' तिथं कोल्ह्याच्या तोंडी येतं आणि कोल्ह्याला हरीण खायचं असतं. पण कोल्हा आणखी एक म्हणतो, तेही खरंच असतं: हा कावळासुद्धा पहिल्या दिवशी अनोळखीच होता ना? दोन्ही बाजूंना पुरतील इतके दाखले एकाच गोष्टीत ठासून भरलेत.

राज्य चालवणाऱ्यांनी मात्र गोष्टींवर भागवलं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन तो मुद्रा द्यायचा, म्हणजे शिक्का. शिक्का असेल त्यानंच जनपदात यावं किंवा बाहेर जावं. आपल्याच मुलखातला माणूस बिनशिक्क्याचा सापडला तर बारा पण दंड. शिक्का बनावट असेल तर त्याहून जबर आणि बनावट शिक्क्याचा माणूस परमुलखातला असेल तर सर्वांत मोठा दंड. आजच्या बनावट आधार कार्डांच्या बातम्या वाचताना मला हे कलम आठवतं. सरहद्दीवर कागद मागणं ही गोऱ्या साहेबानं आणलेली कल्पना, असं समजणाऱ्यांनी ते वाचावं.

इतर धर्मांतही हीच ओढाताण आहे. तुम्हीही एकदा इजिप्तमध्ये परके होता, तेव्हा परक्याला आपल्यासारखंच वागवा, अशी आज्ञा बायबलच्या लेवीय ग्रंथात आहे. त्याच बायबलात रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात राज्यसत्तेच्या आज्ञेत राहायला सांगितलं आहे. कुराणाच्या नवव्या सुऱ्यात, ऐन युद्धाच्या प्रकरणात, शत्रुपक्षातला कुणी आसरा मागत आला तर त्याला आसरा द्या आणि मग सुरक्षित जागी पोहोचवा, असा आदेश आहे. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत हा वाद अगदी उघड्यावर आला. उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी मध्ययुगीन ख्रिस्ती विचाराचा आधार घेऊन सांगितलं की प्रेमालाही क्रम असतो. आधी घर, मग शेजार, मग देश, मग उरलेलं जग. पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारीला अमेरिकी बिशपांना पत्र लिहून उत्तर दिलं: प्रेमाचा क्रम शिकायचा तर रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या शोमरोनी माणसाकडून शिका. दोघेही कॅथलिक. तेव्हा 'धर्म सांगतो म्हणून' असं म्हणून कुणी हा वाद मिटवायला निघाला तर त्यानं कुठलं पान उघडलंय, हे आधी विचारावं.

पोलिश गेले आणि त्या बराकींत सिंधी कुटुंबं आली. गांधीनगर हे नाव तेव्हाचं. आपण त्यांना निर्वासित म्हणालो, पण कायद्यानं ते परके नव्हते, कारण राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानं त्यांच्यासाठी वाट ठेवली होती. १९ जुलै १९४८ च्या आधी जो आला आणि इथंच राहिला तो नागरिक. नंतर आला त्यानं नोंदणी करायची. ही तारीख आभाळातून पडलेली नाही. त्याच दिवशी पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट पद्धत सुरू झाली. सातवा अनुच्छेद जे १ मार्च १९४७ नंतर तिकडं गेले त्यांच्यासाठी. ते नागरिक नव्हेत, पण परत वस्तीला येण्याचं परमिट असेल तर दार उघडं. घटना समितीत या अनुच्छेदावर कडाक्याचं भांडण झालं. फाळणीच्या रक्तात हात भिजलेले असताना केलेल्या या दोन अनुच्छेदांत धर्माचं नावही नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

ते नाव आलं २०१९ मध्ये. नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना बेकायदा स्थलांतरित मानायचं नाही आणि अकराऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व द्यायचं. नियम आले ११ मार्च २०२४ ला. या कायद्यानं दार उघडलं, ते योग्यच झालं. सिंधमधून जीव मुठीत धरून आलेल्या हिंदू कुटुंबाला व्हिसाच्या मुदतवाढीसाठी किती खेपा घालाव्या लागतात हे उल्हासनगरच्या किंवा नागपुरातल्या जरीपटक्याच्या माणसाला विचारा. माझा आक्षेप दारावरच्या पाटीला आहे. छळ सोसलेला अहमदिया, हजारा किंवा श्रीलंकेतला तमिळ त्या पाटीवर नाही. कायद्यातल्या त्या तिन्ही देशांचा राजधर्मच इस्लाम, म्हणून तिथले अल्पसंख्य वेगळे, हा सरकारचा युक्तिवाद मी समजू शकतो, पण मला तो पुरत नाही. बिभीषणाला अभय देताना रामानं त्याची जात लंकेच्या बाजूची आहे, हे पाहिलं होतं. त्यावर निर्णय टाकला नव्हता.

नेहमीच्या कारभाराचा कायदाही आता बदलला आहे. १९२० चा पारपत्र कायदा, १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणीचा कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा कायदा, असे चार कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून एकच कायदा आला. वैध पासपोर्ट-व्हिसाविना शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. अंबाबाईच्या देवळाजवळच्या लॉजमध्ये परदेशी पाहुणा उतरला की मालकानं चोवीस तासांत त्याची माहिती कळवायची, ही शिस्त जुनीच. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांकडे असते, तेही जुनंच. आणि जुन्या कायद्यातली सर्वांत टोकदार गोष्टही तशीच राहिली: आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय आहे त्यानंच सिद्ध करायचं.

चोरीच्या आरोपात पोलिसांना गुन्हा सिद्ध करावा लागतो, इथं उलटं. त्यामागं कारण आहे: माणूस कुठला हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण हे ओझं कुणाच्या पाठीवर येतं पाहा. गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, माझ्या ओळखीचा एक बंगाली कारागीर आहे. हुगळी जिल्ह्यातला. सतरा वर्षं इथं सोन्याच्या बारीक नक्षीचं काम करतो, पांढरा रस्सा आपल्यासारखाच ओरपतो. त्याच्या माळ्यावरच्या खोलीत चार जण मांडी घालून बसतात, मध्ये गॅसची बारीक ज्योत, पुढ्यात कातड्याची झोळी, उडालेला सोन्याचा कण वाया जाऊ नये म्हणून. गेल्या वेळी गेलो तेव्हा त्यानं पाटाखालून एक प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली. आधार, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, वडिलांच्या नावचा जमिनीचा कागद. म्हणाला, 'दादा, पहिले ये घर पे था. अब साथ में रखता हूँ.' त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पण जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूला पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय असल्याचं उघड झाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. ती बातमी माळ्यापर्यंत पोहोचली होती.

इथं मला शाहू महाराजांची आठवण होते. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना रोज पाटलाकडे हजेरी लावावी लागे, कारण जन्मानंच ते संशयित. १९१८ मध्ये महाराजांनी आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. चोरी करणाऱ्याला शिक्षा त्यांच्या राज्यातही होत होती. बंद झालं ते जातीवरून चोर ठरवणं. भाषेवरून, दाढीवरून, लुंगीवरून बांगलादेशी ठरवणं ही नवी हजेरीच आहे. जिथं शाहूंचं नाव घेतल्याशिवाय सभा सुरू होत नाही, तिथं तरी ती चालू नये.

म्हणून कायदा गुंडाळून ठेवावा असं मी म्हणत नाही. ज्याला राहायचा हक्क नाही त्याला परत पाठवायचा अधिकार देशाला आहे. चोरून येणाऱ्याला पोसणारे दलाल, बनावट कागद छापणारे आणि त्याला निम्म्या मजुरीत राबवणारे मालक सुखरूप राहतात आणि पकडला जातो तो फक्त मजूर, हा खरा अन्याय. एखादा पुजारी, पाद्री किंवा मौलवी 'आमच्या धर्मात दया आहे, कागद विचारू नका' म्हणाला तर त्याच्या दयेचा मान राखूनही कागद विचारावाच लागेल. वळिवड्यालाही विचारलाच होता. धर्माचं काम त्याच्या पुढं सुरू होतं. कागद नाही असं ठरलं तरी समोर माणूसच असतो. आपल्या घटनेनंही शब्द तोलून वापरलेत: कुठंही राहण्याचा हक्क देणाऱ्या एकोणिसाव्या अनुच्छेदात 'नागरिक' आहे, जीविताचं रक्षण करणाऱ्या एकविसाव्यात 'व्यक्ती' आहे. एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक दाखवला. इथं राहू द्या असं न्यायालयानं म्हटलं नाही, पण ठरलेली पद्धत पाळल्याशिवाय पाठवू नका असं सांगितलं.

पद्धत म्हणजे काय, हे आपल्याला ५ फेब्रुवारी २०२५ ला कळलं. अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ भारतीय होते, त्यांतले तिघे महाराष्ट्राचे. कायदा मोडून गेले होते, यात वाद नाही. पण हातात बेड्या, पायात साखळ्या हे दृश्य बघून इथल्या चहाच्या गाड्यावरसुद्धा माणसं गप्प झाली होती. चूक होती, पण म्हणून असं? हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला. आपलं माणूस दिसलं की तो आपोआप सुचतो.

महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेलं स्मारक आहे, आणि जे इथून परत गेलेच नाहीत त्यांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना रंकाळा दाखवतो तसं हेही दाखवावं. आणि ज्यांची घरं, गाळे, माळे भाड्यानं आहेत त्यांना एक विनंती. पोलिसांत भाडेकरूची नोंद करा, टाळू नका. पण दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली एक प्रत भाडेकरूच्या हातातही ठेवा. उद्या कुणी दारात येऊन विचारलं तर त्याच्या पिशवीत कोल्हापूरचाही एक कागद असेल.